रीडिंग

आडनाव केळुसकर. सर्टिफिकेटवर केलुसकर.
तेहतीस वर्षं तो 'ल' लोट्याच्या कपाटात
निमूट पडून होता,
आता प्रॉव्हिडंट फंडाच्या कागदांनी त्याला हुडकून काढलं.
म्हणून माटुंगा.

खिडकीतला माणूस म्हणाला, जेवणानंतर या, साडेतीनला.
कुणाच्या जेवणानंतर, ते विचारायचं राहिलं.

एवढा रिकामा वेळ मला इथं शिकताना कधी मिळाला नव्हता.
फाइव्ह गार्डनला एक फेरी मारली.
ज्या बाकावर आम्ही व्हायवाच्या आदल्या दिवशी
एकमेकींना खोटा धीर दिला,
त्यावर एक आजोबा बूट काढून, पाय वर घेऊन
मोठ्यानं बाजारभाव वाचत होते.
समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर तुझी खिडकी.
पडदा बदललाय. कुंडीत काय लावलंय ते दिसलं नाही.

मग लॅबकडे.
वॉचमन म्हणाला, कोण पाहिजे?
आता काय सांगू त्याला.
हुतोक्षी दुबाश पाहिजे, वय एकोणीस,
ॲप्रनच्या खिशात खारे शेंगदाणे,
मराठी बोलताना सगळ्या वस्तूंना पुल्लिंगी करणारी.
"माझा पिपेट फुटला," असं रडत सांगणारी.
मी म्हटलं, कोणी नाही, बघतेय नुसती.

दाराच्या फटीतून अमोनियाचा वास आला
आणि डोळ्यांत पाणी. अमोनियानं येतं तेवढंच.
थोडं जास्त असेल.

इथं सव्वादोन, तुझ्याकडे पावणेतीन, रात्रीचे.
विनिपेगच्या पाणीपुरवठ्यात तुझी नाइट ड्युटी.
फोन उचललास तो मास्क लावूनच.
बाहेर उणे एकतीस, म्हणालीस, नाक गळून पडेल असा थंडी.
थंडी अजून पुल्लिंगी.

मी काही न बोलता फोन दाराच्या फटीशी धरला.
वास तारेतून जात नाही हे आपल्या दोघींना
चांगल्या मार्कांनी शिकवलेलं आहे.
तरी तू म्हणालीस, "बफर टाकला कुणीतरी."

मी म्हटलं, तू काय करतेयस?
"हार्डनेस. अजून काय."
मीही सोमवारी हेच करणार होते,
लोट्याच्या नाल्याचं पाणी, बाटली नंबर सहा.
तू फोन बाटलीला टेकवून उभा केलास.
पडद्यावर तुझा फ्लास्क, कोकमाच्या सारासारखा लाल,
तुझा उजवा हात, त्यावरचे डाग,
हे डाग मला माहीत नाहीत, हे नंतरचे.

आपली वाटणी ठरलेली होती.
नळी तुझी, नजर माझी.
तुला निळा कधी होतो ते कळायचंच नाही,
नेहमी एक थेंब पुढे जायचीस
आणि मी ओरडायचे, अगं बस!
सरांनी दोनदा बाहेर काढलं होतं त्यापायी.
एवढ्या वर्षांत तुझी तू शिकलीच असशील.
शिकल्याशिवाय कोणी पगार देतं का.

तरीही तू हळू केलास हात.
थेंब.
थेंब.
जिन्यावरून पोरांचा एक घोळका उतरला,
एकीनं वळून पाहिलं,
पन्नाशी उलटलेली ही बाई फोनमध्ये
काय एवढं डोळे रोखून बघतेय.
लाल जरा डळमळला, जांभळा झाला,
तिथंच रेंगाळला,

"बस," मी म्हटलं.

नळी बंद झाली.
माझा आवाज पोचायच्या आधी की नंतर, ते विचारू नकोस.
फ्लास्क निळा होता.

"अठरा पॉइंट चार," तू म्हणालीस,
आणि मी सवयीनं लिहून घेतलं,
हाताशी दुसरा कागद नव्हता,
नावदुरुस्तीच्या अर्जाच्या पाठीवर.

साडेतीनच्या पुढे बऱ्याच वेळानं खिडकी उघडली.
"केलुसकर कोण?" आतून आवाज आला.
मी हात वर केला.